अप्पर हटमधली नुरा कुस्ती

पाय लागला की नमस्कार करायचा, हा आमच्या आईचा घरातला पहिला कायदा. माणसाला लागला तर त्याला हात लावून तो हात छातीला, वहीपुस्तकाला लागला तर कपाळाला. एकदा आमच्या सोफ्यावर येऊन झोपलेल्या शेजाऱ्यांच्या मांजराला माझा पाय लागला, तेव्हाही तिनं मला सोडलं नाही. ‘जीव आहे तो,’ म्हणाली. मी सहा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आलो. गडबडीत कुकरची शिट्टी मागे राहिली, लोणच्याची बरणी विमानतळावर गेली, पण हा कायदा मात्र सहीसलामत आला. पुढे मी जवळजवळ वीस वर्षं लोकांना लाथा मारून पोट भरलं, तेही जपानमध्ये, तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई ‘स्पोर्ट्समध्ये आहे’ म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची.

आमचं घर नदीच्या बाजूला होतं. पत्र्याचं छप्पर, मागे थोडं गवत, आणि गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं. बाबा कौन्सिलमध्ये पाण्याच्या पाइपांचे इंजिनियर. त्यांचं बालपण सांगलीजवळच्या एका गावातलं, आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत ते तालमीत राहिलेले. त्याची खूण म्हणून त्यांचा डावा कान मोडलेला होता, वाळवलेल्या जर्दाळूसारखा. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, हा गडी रग्बी खेळलेला आहे, आणि त्यामुळे त्यांना फार मान होता. बाबांनी तो गैरसमज कधीच दूर केला नाही. ‘प्रॉप?’ असं रग्बीतल्या जागेचं नाव घेऊन कुणी विचारलं की ते नुसते हसायचे. तालीम का सोडली असं मी विचारलं की म्हणायचे, ‘गणित बरं होतं माझं.’ आणि फोन उघडायचे.

रविवारी दुपारी आमच्याकडे मटण असायचं. इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तेव्हा त्याबद्दल तक्रार करायचं कारण नव्हतं. जेवण झालं की बाबा उन्हाच्या तुकड्यात सोफ्यावर आडवे व्हायचे आणि फोनवर गावाकडच्या कुस्त्या लावायचे. हलगी कडाडायची, निवेदक पैलवानांच्या तीन पिढ्या सांगायचा, आत आईचा मिक्सर चालू असायचा, आणि बाबा पाच मिनिटांत घोरायला लागायचे. मी चौदा वर्षांची असताना अशाच एका रविवारी हलगी थांबली आणि त्या फोननं आपल्या मनानं पुढचा व्हिडिओ लावला. पिवळ्या कपड्यातली एक बारकी जपानी पोरगी आणि तिच्या दुप्पट एक बाई. ती बाई तिला उचलून आपटत होती आणि ही उठत होती. पुन्हा आपटायची, पुन्हा उठायची. शेवटी नाहीच उठली. पण हरलेल्या त्या पोरीसाठी माणसं रडत होती, तिच्या नावानं रंगीत कागदी फिती फेकत होती. माझ्या हातातली चिंच हातातच राहिली.

बाबा जागे झाले. ‘काय लावलंयस हे?’

‘मी नाही, तुमच्या फोननं लावलं.’

त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. ‘नुरा आहे ती. बंद कर.’

नुरा हा आमच्या घरातला सर्वांत वाईट शब्द. कोण पडणार हे दोघा पैलवानांनी आधीच ठरवायचं आणि वर घाम गाळल्याचं सोंग करून लोकांना फसवायचं, ती नुरा कुस्ती. पण बाबा तो शब्द कशालाही लावायचे. कौन्सिलच्या निविदा नुरा, दिवाळीच्या कार्यक्रमातली रांगोळी स्पर्धा नुरा, आई ‘मी एकच गुलाबजाम घेतला’ म्हणाली तर तेही नुरा. मी फोन बंद केला, आणि खोलीत जाऊन माझ्या फोनवर पुन्हा लावला.

पुढची चार वर्षं माझे रविवार त्या पोरींना गेले. टोकियोत दुपारची कुस्ती सुरू व्हायची तेव्हा आमच्याकडे चहाची वेळ झालेली असायची. शाळेत जपानी विषय घेतला, तेव्हा बाबा खूश झाले. त्यांना वाटलं, मुलगी टोयोटात जाणार. मी आवडत्या पैलवान पोरीच्या नावानं टॉयलेट पेपरचे रोल टीव्हीवर फेकत होते आणि आई ते मलाच गोळा करून परत गुंडाळायला लावत होती.

मग एक दिवस कोपऱ्यावरच्या डेअरीच्या काचेवर मला एक चिठ्ठी दिसली. इथे डेअरी म्हणजे वाण्याचं दुकान, तिथे दुधापासून जँडल्सपर्यंत, म्हणजे रबरी चपलांपर्यंत, सगळं मिळतं. चिठ्ठीवर हातानं लिहिलं होतं: ‘प्रो-रेसलिंग शिकवते. रडणाऱ्यांनी येऊ नये.’ खाली पत्ता होता चर्चच्या जुन्या हॉलचा आणि नाव मित्सुको. ती जपानमधली निवृत्त पैलवान. एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून आमच्या गावात राहायला आली होती आणि मला पत्ताच नव्हता! मी घरी ‘जिमला जाते’ असं सांगितलं. ते तसं खोटं नव्हतं. पहिले तीन महिने मित्सुको-साननं मला फक्त बैठका काढायला आणि पडायला लावलं. पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला, दोन्ही हात गादीवर आपटायचे. तो धप्प आवाज अजून माझ्या कानात आहे. सध्या माझे गुडघे जिना नुसता दिसला तरी कुरकुरतात, पण घसरून पडले तर मी आजही झकास पडेन.

माझी जोडीदार होती सिना. सामोअन, माझ्याहून एक वर्षानं मोठी, हसली की खिडक्या हलायच्या. मी तिला पहिली लाथ मारली तो दिवस काही विसरता येत नाही. लाथ चांगली बसली. सिना पडली. आणि माझा हात आपोआप खाली गेला, तिच्या खांद्याला लागला आणि माझ्या छातीला आला.

‘ते काय होतं?’ मित्सुको-सान ओरडली.

‘पाय लागला,’ मी म्हटलं.

‘लाथ आहे ती! पाय लागणारच!’

मला ते कळत होतं, पण माझ्या हाताला कळत नव्हतं. प्रत्येक लाथेनंतर तेच. मित्सुको-साननं माझा उजवा हात पट्ट्यानं कमरेला बांधून ठेवला, तर डावा जायला लागला. सिना पडल्या पडल्या हसून लोळायची. ‘यू गुड, ब्रो? मला ब्लेस करून झालं?’ म्हणायची. शेवटी मित्सुको-साननं तो नाद सोडला.

बाबांना कळलं ते गॅरेजमुळे. मी तिथे बैठका काढत होते आणि ते रंगाचा डबा शोधायला आले. दारातच थांबले. ‘टाच उचल,’ म्हणाले. मी उचलली. ‘चवड्यावर बस. हात मागून पुढे. पाठ सरळ. अशानं गुडघे जातील तुझे.’ डबा राहिला बाजूला, आणि चपला काढून ते माझ्याशेजारी बैठका काढायला लागले. चाळीस बैठकांनंतर धापा टाकत विचारलं, ‘पण हे सगळं चाललंय कशासाठी?’ मी खरं ते सांगितलं. बाबांनी चपला घातल्या, रंगाचा डबा उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराबाहेर भिजवलेल्या बदामांची वाटी होती. 

एकोणिसावं लागलं तसं प्रकरण गळ्याशी आलं. माझं इंजिनियरिंगचं ठरलं होतं क्राइस्टचर्चला. तिथल्या रिकार्टन भागात जोशी नावाच्या ओळखीच्या कुटुंबाकडे बाबांनी माझी खोलीही ठरवून टाकली होती. नेमक्या त्याच महिन्यात टोकियोच्या एका लहानशा कंपनीच्या मालकीणबाई, काजिवारा-सान, मित्सुको-सानला भेटायला येणार होत्या. हॉलमध्ये शनिवारी दुपारी एक छोटा शो ठेवला होता. शेवटची कुस्ती माझी आणि सिनाची. सिनाला कुठे जायचं नव्हतं, तिला तिच्या मावशीची डेअरी आणि अप्पर हट पुरेसं होतं. परीक्षा माझी होती. मित्सुको-साननं ठरवलं की मी हरायचं. ‘जिंकता कुणालाही येतं,’ ती म्हणाली. ‘काजिवारा बघायला येतेय ती तू हरतेस कशी ते. सिना तुला आपटेल, वर पडेल, तुझे दोन्ही खांदे टेकलेले असताना मी तीन मोजेन. तू तीन होईपर्यंत हलायचं नाहीस. ठरलेला शेवट मोडणारी पोरगी ती नेत नाही.’

मी घरी सांगितलं. जेवणं चालली होती. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

‘नुरा कुस्ती करायला माझी मुलगी जपानला जाणार नाही.’

‘बाबा, एकदा येऊन बघा. मग नाही म्हणा.’

‘बघायचं काय त्यात? पडणार कोण ते तर तुम्ही ठरवूनच बसलायत.’

‘मी पडणार आहे,’ मी म्हटलं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी शिवी दिली. आईनं मध्ये भात वाढला. ‘आपण जाऊ या हो बघायला,’ ती म्हणाली. ‘हीप्स लोक येणारेत म्हणे. मी डबा घेते.’ आई इथल्या बालवाडीत काम करायची, त्यामुळे तिच्या मराठीत ‘हीप्स’, म्हणजे ढीगभर, असे शब्द कुठूनही उगवायचे.

शनिवारी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आई आणि बाबा. बाबा हाताची घडी घालून, आई मांडीवर डबा घेऊन. कोपऱ्यात काजिवारा-सान, काळा कोट, ताठ मान, मांडीवर एक वही. मी दोरांमधून आत आले आणि मला एकदम कळेना, मी यातल्या कुणासाठी लढायचं. पण घंटा वाजली, सिनानं मला कोपऱ्यात भिरकावलं, आणि मग विचार करायला वेळच राहिला नाही. कुस्ती छान रंगली. मी लाथा मारल्या, नमस्कार झाले, लोक हसले, सिनानं मला दोनदा उचलून आपटलं. ठरल्याप्रमाणे तिसऱ्यांदा आपटलं आणि माझ्यावर पडली. मित्सुको-साननं गादीवर हात मारला. एक. माझे दोन्ही खांदे खाली होते. दोन.

‘खांदा उचल! अगं उचल खांदा!’

बाबांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. घरातला नव्हता तो, मैदानातला होता. आणि माझा खांदा वर आला. मी उचलला असं मी आजही म्हणणार नाही. तो आपला आपण आला.

मित्सुको-सानचा हात हवेत थांबला. सिनाचं तोंड माझ्या कानाशी होतं. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ तिनं दातांतून विचारलं. लोक उठून उभे राहिले होते, खुर्च्या वाजत होत्या, आणि त्या सगळ्यांत माझे बाबा मांडीवर थाप मारून शड्डू ठोकत होते. कौन्सिलचे इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट! मला रडू फुटायच्या बेतात होतं. माझं जपान गेलं, एवढंच डोक्यात. काय करावं सुचेना म्हणून मी सिनाला एक लाथ मारली आणि सवयीनं नमस्कार केला. हॉल हसला. तेवढ्यात सिना पुटपुटली, ‘अगेन,’ आणि मला पुन्हा उचललं.

या वेळी मी पाठ गादीवर चिकटवून ठेवली. एक. बाबा ओरडले, ‘उचल!’ दोन. ‘उचल पोरी!’ मी छताकडे बघत पडून राहिले. तोवर आयुष्यात मी त्यांचं ऐकलं नव्हतं असं अनेकदा झालं होतं, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं. तीन.

आतल्या खोलीत मी गुडघ्यांवर बसून आधी सिनाची माफी मागितली, मग मित्सुको-सानची, मग काजिवारा-सानची. सिना म्हणाली, ‘स्वीट ॲज, काही बिघडलं नाही. चिप्स घेऊन दे.’  काजिवारा-सान वहीत लिहीत होत्या. तेवढ्यात दार वाजलं आणि बाबा आत आले. अनवाणी. जुन्या सवयीनं त्यांनी बूट बाहेरच काढले होते. खोलीत कुणी मराठी नव्हतं, तरी पहिलं वाक्य मराठीतच बोलले. ‘चूक माझी आहे.’ मग भानावर येऊन इंग्रजीत म्हणाले, ‘ती उठली ते माझ्यामुळे. मी ओरडलो. मुलीला नापास करू नका.’ आणि त्यांनी हात जोडले. ज्यांना मी नापास व्हायला हवं होतं, ते हात जोडून उभे होते. मी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते.

काजिवारा-सान उठल्या आणि बाबांच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी बाबांच्या डाव्या कानाकडे बोट केलं. ‘रग्बी?’

‘नाही,’ बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ‘कुस्ती.’

काजिवारा-साननी मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या. जपानीत हळूहळू बोलल्या, मला समजावं म्हणून. ‘शेवट मोडलास, वाईट केलंस. आलीस तर सहा महिने कुस्ती नाही. रिंग बांधायची, कपडे धुवायचे, सगळ्यांचा भात लावायचा. त्यानंतर बघू.’ मग त्यांनी स्वतःचा हात छातीला लावून दाखवला. ‘आणि हे कुणी शिकवलं?’

‘आईनं.’

‘हे सोडू नकोस.’

घरी जाताना बाबांनी नदीकाठी गाडी थांबवली आणि फिश अँड चिप्स आणले. आईनं तिच्या पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढून कागदावर सगळीकडे भुरभुरली.  मग काचेतून समोर बघतच बाबा बोलायला लागले.

‘मी तुझ्याएवढा होतो. जत्रेचं मैदान. वस्ताद सकाळी म्हणाले, आजची कुस्ती पाहुण्या पैलवानाला द्यायची. का, ते विचारायची पद्धत नव्हती. आण्णा मैदानात बसले होते, त्यांना काही माहीत नव्हतं.’ आण्णा म्हणजे माझे आजोबा. ‘मी खाली गेलो आणि आण्णा ओरडले, उचल खांदा, उचल रे! मला उचलता येत होता. पडून राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा टॉवेल घेऊन आले, माझी पाठ पुसली, म्हणाले, होतं असं, पुढच्या जत्रेला बघू त्याला. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून तालमीत गेलो नाही.’

आईच्या हातातली चिप तशीच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

‘आण्णांना सांगितलंत कधी?’ मी विचारलं.

‘नाही. राहिलंच ते.’

बाहेर दोन बदकं रस्ता ओलांडत होती. बाबांनी ती पलीकडे जाईपर्यंत वाट बघितली. ‘तू आज दुसऱ्यांदा पडून राहिलीस,’ म्हणाले. ‘लाज नाही वाटली?’

मी विचार केला. ‘नाही वाटली. बाबा, तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे ठरवलेलं असतं. तरी तिकीट काढून आले. आम्ही कुणाला फसवलं नाही.’

‘मला माहीत होतं,’ बाबा म्हणाले. ‘तरी मी ओरडलो.’

‘हो ना! हॉलभर.’

ते हसले. मग डोळे पुसले, आणि चटणी तिखट झालीय म्हणून आईला बोलले. आई म्हणाली, चटणी रोजचीच आहे. त्यांनी गाडी सुरू केली, रस्त्याला लागलो, सिग्नलला थांबलो, आणि तिथे ते म्हणाले, ‘रिकार्टनच्या जोशींना फोन करायला हवा. खोली नको म्हणून.’

जपानमध्ये सहा महिन्यांचे दहा झाले. मी रिंगच्या फळ्या वाहिल्या, इतरांच्या गुडघापट्ट्या धुतल्या, चौदा जणींचा भात रोज लावला आणि दोनदा करपवला. घरची इतकी आठवण यायची की एकदा मी दुकानात हळदीच्या पुडीचा वास घेत उभी राहिले होते. मग एका रविवारी दुपारी माझं नाव फळ्यावर लागलं. नवीन पोरगी पहिली कुस्ती हरतेच, तशी रीत आहे. मी लाथ मारली, हात खाली गेला, छातीला आला, लोक हसले. दुसऱ्या लाथेला पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याबरोबर छातीला हात लावला. शेवटची काही वर्षं तर अख्खा हॉल लावायचा. आईला मी तो व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘बघ, माणसं चांगली आहेत.’

त्या पहिल्या दिवशी सहा मिनिटांत सगळं आटोपलं. समोरच्या मुलीनं आपटलं, वर पडली, तीन मोजले, मी हलले नाही. मग लगेच दोर सोडायला आणि फळ्या उचलायला पळाले, कारण हरलेल्या नवीन पोरीची ती कामं वाट बघत असतात. फोन बघायला तासभर लागला. अप्पर हटला मटणाची जेवणं होऊन बाबा सोफ्यावर बसलेले असणार, आणि त्या दिवशी हलगी लागली नसणार. मराठी टाइप करायला त्यांना फार वेळ लागायचा, म्हणून ते एरवी नुसता अंगठा पाठवायचे. आज पूर्ण निरोप होता.

‘दोन्ही खांदे टेकले होते. नीट पडलीस. शाबास.’